जन्मतःच निर्यातदार

उद्योगाच्या वाढीचा एक क्रम सर्वांच्या परिचयाचा आहे. आधी गावातले गिऱ्हाईक, मग जिल्हा, मग राज्य आणि देश. घरच्या बाजारात जम बसला, हाताशी थोडे भांडवल आले, की शेजारच्या देशात चाचपणी करायची आणि सर्वांत शेवटी दूरच्या, परक्या भाषेच्या मुलखात माल पाठवायचा. स्वीडनमधील उप्साला विद्यापीठाच्या अभ्यासकांनी १९७० च्या दशकात सँडविक, अ‍ॅटलास कॉप्को, फॅसिट आणि व्होल्वो या चार कंपन्यांचा इतिहास तपासून हाच क्रम मांडला. यान योहानसन आणि यान-एरिक वाल्ने यांनी १९७७ मध्ये त्याला सिद्धान्ताचे रूप दिले. परक्या बाजाराचे ज्ञान अनुभवानेच मिळते आणि अनुभव हळूहळूच साठतो, हा त्या सिद्धान्ताचा गाभा.

१९९३ मध्ये मॅकिन्झी या सल्लागार संस्थेने ऑस्ट्रेलियातील निर्यातदार कारखान्यांची पाहणी प्रसिद्ध केली, तेव्हा या क्रमात न बसणारे उद्योग मोठ्या संख्येने आढळले. पाहणीतल्या सुमारे एक-चतुर्थांश नव्या निर्यातदारांनी स्थापनेनंतर सरासरी दोनच वर्षांत माल बाहेर पाठवायला सुरुवात केली होती आणि त्यांच्या विक्रीचा तीन-चतुर्थांश भाग परदेशातून येत होता. अशा उद्योगांना ‘बॉर्न ग्लोबल’ हे नाव पडले. पुढच्याच वर्षी बेंजामिन ओव्हिएट आणि पॅट्रिशिया मॅक्डुगल या अमेरिकी अभ्यासकांनी त्यांचे सैद्धान्तिक विवेचन केले. स्थापनेपासून तीन वर्षांच्या आत किमान पाव विक्री परदेशी असणे, ही कसोटी संशोधनात पुढे सर्रास वापरली जाऊ लागली.

श्रीमंत देशांतले असे उद्योग बहुधा एखादे विशेष यंत्र, वैद्यकीय उपकरण किंवा सॉफ्टवेअर बनवतात. त्यांचा माल इतका खास असतो की एका देशात पुरेसे ग्राहकच नसतात. विकसनशील देशात कारण वेगळे असते. तिथे घरच्या ग्राहकाची क्रयशक्ती तोकडी असते, मालाला लागणारा दर्जा कोणी मागत नाही, आणि परकीय चलनाची चणचण असल्याने सरकारलाही निर्यात हवी असते. त्यामुळे तिथे अगदी साधा माल बनवणारा कारखानाही जन्मतःच निर्यातदार होऊ शकतो.

अशा उद्योगांनी देशाला काय दिले, याचे उत्तर सहसा डॉलरमध्ये दिले जाते. निर्यातीचा आकडा सहज मोजता येतो, म्हणून तो पुढे असतो. बांगलादेशातील शर्ट, पुण्यातील सॉफ्टवेअर आणि नाशिकची द्राक्षे या तीन उदाहरणांचा इतिहास मात्र निराळे सांगतो. एका उद्योगाने मिळवलेले चलन त्या उद्योगापुरते राहते. त्याने शिकवलेली माणसे, रुजवलेली दर्जाची शिस्त आणि घालून दिलेले नियम बाहेर पडून दुसऱ्यांच्या हाती लागतात, आणि देशाच्या विकासात त्यांचा वाटा कितीतरी मोठा असतो.

चट्टग्रामचा कारखाना

१९७० च्या दशकाच्या अखेरीस बांगलादेशाची निर्यात मुख्यतः तागाची होती. १९७१ चे युद्ध आणि १९७४ चा दुष्काळ यांतून देश सावरत होता. तयार कपडे विकत घेणारा मध्यमवर्ग लहान होता. बाकीचे लोक लुंगी आणि साडी वापरत, शर्ट लागला तर शिंप्याकडे शिवून घेत. ढाक्यातील रियाझ गारमेंट्स ही कंपनी नेहमीच्या क्रमाने वाढली. १९६० मध्ये शिंपीकामाच्या दुकानापासून सुरुवात करून, अठरा वर्षे घरच्या बाजारात काढल्यावर तिने १९७८ मध्ये दहा हजार शर्ट पॅरिसला पाठवले.

त्याच वर्षी दुसऱ्या वाटेची सुरुवात झाली. नूरुल कादर हे सरकारी सेवेतले अधिकारी. १९७१ मध्ये ते पाबनाचे जिल्हाधिकारी होते आणि मुक्तिसंग्रामात बांगलादेशाच्या हंगामी ‘मुजीबनगर सरकार’मध्ये सचिव झाले. पुढे उद्योगात उतरल्यावर त्यांनी दक्षिण कोरियाच्या देवू कंपनीशी जुलै १९७८ मध्ये करार केला. देवूने तंत्रज्ञान आणि प्रशिक्षण द्यायचे, यंत्रे मिळवून द्यायची आणि माल परदेशात विकायचा. बदल्यात स्वामित्वशुल्क आणि विक्रीवर कमिशन घ्यायचे. भांडवल मात्र बांगलादेशी होते. कंपनीचे नाव ‘देश गारमेंट्स’. तिचा सगळा माल निर्यातीसाठीच होता.

देवू बांगलादेशाकडे वळण्यामागे जागतिक व्यापाराचे एक बंधन होते. १९७४ पासून लागू झालेल्या बहुतंतू करारामुळे श्रीमंत देश कोणत्या देशातून किती कपडा घ्यायचा याचा कोटा ठरवत. कोरियाचा कोटा भरत आला होता. बांगलादेशावर कोट्याचे बंधनच नव्हते, कारण तिथून कपडा येतच नव्हता. मोकळ्या असलेल्या या वाटेचा फायदा देवूला हवा होता, आणि नूरुल कादर यांना त्याबरोबर येणारे कसब हवे होते.

१९७९ मध्ये देश गारमेंट्सने १३० कामगार आणि पर्यवेक्षक बुसान येथील देवूच्या कारखान्यात सुमारे सहा महिने शिकायला पाठवले. शिलाई त्यांना कमी-अधिक येत होती. तिथे ते कारखाना चालवायला शिकले. कापडाचे थर लावून एका वेळी शेकडो नगांची कटाई कशी करायची, एक शर्ट पन्नासेक छोट्या कामांत कसा विभागायचा, यंत्रांची ओळ कशी लावायची, एका टेबलावर काम तुंबू लागले तर कोणाला कुठे हलवायचे, नग कुठे तपासायचा, पेटीवर काय लिहायचे, जहाजाची तारीख कशी गाठायची, हे सगळे त्यात होते. पुस्तकात यातले फार थोडे सापडते. चालत्या ओळीवर उभे राहूनच ते कळते.

ही माणसे परतल्यावर चट्टग्रामजवळच्या कालुरघाट येथे साडेचारशे यंत्रांचा कारखाना १९८० मध्ये सुरू झाला. पहिल्या वर्षी त्याने ४३ हजार शर्ट बनवले; विक्री झाली सुमारे ५५ हजार डॉलरची. १९८७ मध्ये तो २३ लाख शर्ट बनवत होता आणि विक्री ५३ लाख डॉलरवर गेली होती. देवूबरोबरचा सहकार्य करार देश गारमेंट्सने जून १९८१ मध्येच संपवला. शिकायचे ते शिकून झाले होते आणि खरेदीदार स्वतः शोधता येऊ लागले होते.

११५ माणसांचे स्थलांतर

देश गारमेंट्सचा धंदा चांगला वाढला, तरी एका कंपनीच्या ५३ लाख डॉलरने कोणत्याही देशाचे भाग्य बदलत नाही. बांगलादेशाच्या अर्थकारणाला कलाटणी दुसऱ्याच घटनेने मिळाली. बुसानला शिकून आलेल्या १३० जणांपैकी ११५ जण १९८० च्या दशकात नोकरी सोडून गेले. काहींनी स्वतःचे कारखाने काढले, काहींना नव्या मालकांनी जास्त पगारावर नेले. कटाई मास्तर, ओळीचे पर्यवेक्षक, दर्जा तपासणारे, विक्री पाहणारे असे प्रत्येक प्रकारचे कसब त्यांच्याबरोबर बाहेर पडले. देश गारमेंट्सने प्रशिक्षणावर केलेल्या खर्चाचे फळ तिच्या प्रतिस्पर्ध्यांनी चाखले.

जागतिक बँकेचे अर्थतज्ज्ञ युंग व्ही री यांनी १९९० मध्ये या घटनेचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला आणि त्यानंतर विकासाच्या अर्थशास्त्रात तिचा दाखला पुन्हा पुन्हा दिला गेला. तिच्यात एक पेच आहे. ज्ञान बाहेर पडते म्हणून देशाचा फायदा होतो. पण बाहेर पडणार हे आधीच ठाऊक असेल तर शिकवण्यावर खर्च करायला उद्योजक कचरतो. म्हणून पहिली जोखीम घेणाऱ्याला, पहिल्या काही वर्षांपुरता का होईना, आधार देण्याचे कारण सार्वजनिक हिताचे ठरते. त्याच वेळी माणसांना नोकरी बदलण्यापासून रोखणारे करार आणि कायदे देशाच्या हिताला मारक ठरतात.

माणसांबरोबर दोन सरकारी व्यवस्थाही पसरल्या. नव्या निर्यातदाराची पहिली अडचण कापडाची असते. शर्टाचे कापड, गुंड्या, धागा सगळे परदेशातून आणायचे, तर हाती परकीय चलन हवे. आणि आणलेल्या मालावर आयात शुल्क भरले, तर शर्टाची किंमत जागतिक बाजारात टिकत नाही. दक्षिण कोरियाच्या अनुभवाच्या आधारे बांगलादेशाने या दोन्हींवर उपाय केले.

पहिला उपाय ‘बॅक-टू-बॅक एलसी’. अमेरिकी खरेदीदाराने शर्टासाठी बँकेचे पतपत्र (एलसी) उघडले की, त्याच्याच आधारावर चट्टग्रामची बँक कापड पुरवठादाराच्या नावे दुसरे पतपत्र उघडते. पुरवठादार उधारीवर कापड पाठवतो. शर्ट शिवून रवाना होतात, खरेदीदाराचे पैसे येतात, त्यांतून बँक कापडाचे देणे फेडते आणि उरलेली रक्कम कारखानदाराला मिळते. ज्याच्याकडे भांडवल नाही पण शिवण्याचे कसब आणि हातात ऑर्डर आहे, असा माणूस यामुळे निर्यातदार होऊ शकला. दुसरा उपाय ‘बॉन्डेड वेअरहाउस’. आयात कापड सीमाशुल्क खात्याच्या नोंदीखाली कारखान्याच्या गोदामात शुल्क न भरता उतरते. तेवढ्या कापडाचे शर्ट बाहेर गेल्याची नोंद झाली की हिशेब मिटतो. कापड देशातच विकले, तर शुल्क भरावे लागते. पहिल्या निर्यातदाराच्या गरजेतून आलेल्या या दोन्ही सोयी कोणत्याही नव्या कारखान्याला वापरता येत होत्या. बुसानहून आलेले कसब भांडवल नसलेल्यांच्या हाती टिकले ते त्यांच्यामुळेच.

परिणाम आकड्यांत स्पष्ट दिसतो. १९८३-८४ मध्ये तयार कपड्यांची निर्यात सुमारे ३ कोटी १६ लाख डॉलर होती. एकूण निर्यातीत तिचा वाटा चार टक्केही नव्हता. १९९०-९१ मध्ये ती ८६ कोटी डॉलरच्या पुढे गेली आणि वाटा निम्म्यावर आला. २०१८-१९ मध्ये निर्यात ३४ अब्ज डॉलर झाली आणि वाटा ८४ टक्के. ताग मागे पडला. सुमारे चाळीस लाख लोकांना या उद्योगाने काम दिले आणि त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या.

स्त्रियांच्या रोजगाराचा परिणाम कारखान्याच्या भिंतीबाहेरही मोजला गेला आहे. रेचेल हीथ आणि अहमद मुश्फिक मोबारक यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कपड्यांच्या कारखान्यांजवळच्या गावांची तुलना दूरच्या गावांशी केली. कारखान्यांजवळच्या मुली जास्त वर्षे शाळेत राहत होत्या, त्यांची लग्ने उशिरा होत होती आणि पहिले मूलही उशिरा होत होते. शिवणयंत्राच्या ओळीवरही लिहिता-वाचता येणाऱ्या, आकडेमोड जमणाऱ्या मुलीला बढती मिळते, हे आईबापांना दिसले आणि मुलीच्या शाळेचा खर्च त्यांना सार्थ वाटू लागला.

पुण्याहून न्यू यॉर्क

भारतातल्या सॉफ्टवेअर उद्योगाची सुरुवातही परदेशी ग्राहकापासूनच झाली. १९६८ मध्ये स्थापन झालेल्या टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने १९७४ पासून अमेरिकेच्या बरोज या संगणक कंपनीसाठी काम केले. १९७३ मध्ये मुंबईत अंधेरीला सीप्झ हे निर्यात क्षेत्र उभे राहिले. नरेंद्र पटनी यांच्या कंपनीने अमेरिकेत काम मिळवायचे आणि ते भारतात करून पाठवायचे, ही पद्धत सुरुवातीपासून ठेवली. घरी ग्राहक जवळजवळ नव्हते. संगणक मोजकेच होते, ते आयात करायला परवाना लागे आणि तो बहुधा निर्यातीच्या हमीवरच मिळे. सरकारी धोरणानेच या उद्योगाला परदेशाची वाट दाखवली, असे म्हणता येते.

पटनी कॉम्प्युटर सिस्टिम्समधून बाहेर पडलेल्या सात अभियंत्यांनी जुलै १९८१ मध्ये पुण्यात इन्फोसिस काढली. भांडवल दहा हजार रुपये. पहिला ग्राहक न्यू यॉर्कची डेटा बेसिक्स कॉर्पोरेशन. स्वतःचा संगणक नव्हता. म्हणून अभियंते अमेरिकेत ग्राहकाच्या जागी जाऊन काम करत. टेलिफोनची जोडणी आणि संगणकाचा परवाना मिळवायला त्या काळात फार वाट पाहावी लागे. १९८३ मध्ये कंपनी बंगळूरला गेली आणि मार्च १९९९ मध्ये अमेरिकेच्या नॅसडॅक शेअर बाजारात नोंदली गेलेली पहिली भारतीय कंपनी ठरली. बुसानहून परतलेल्यांनी चट्टग्रामात जे केले, तेच या सात जणांनी केले होते. आधीच्या निर्यातदाराकडे त्यांनी काम शिकले आणि नवा निर्यातदार उभा केला.

इथेही माणसांबरोबर व्यवस्था आली. १९९१ मध्ये सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क्स ऑफ इंडिया ही संस्था स्थापन झाली आणि तिच्या सुरुवातीच्या केंद्रांत पुणे होते. उपग्रहाद्वारे डेटाची जोडणी, शुल्कमुक्त उपकरणे आणि करसवलत एका ठिकाणी मिळू लागली. स्वतःची उपग्रह जोडणी घेण्याची ऐपत मोठ्या कंपनीलाच असते. सामायिक जोडणीमुळे पंधरा-वीस अभियंत्यांची कंपनीही परदेशी ग्राहकाचे काम पुण्यात बसून करू लागली. माणसे परदेशी पाठवण्याऐवजी काम देशात आणणे शक्य झाले. पगार इथे खर्च होऊ लागले, आणि नवखे अभियंते अनुभवी माणसांच्या शेजारी बसून शिकू लागले.

आनंद देशपांडे यांनी १९९० मध्ये पुण्यात सुरू केलेली पर्सिस्टंट सिस्टिम्स ही या टप्प्यातली कंपनी. देशपांडे यांनी अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात डॉक्टरेट केली, ह्यूलेट-पॅकार्डच्या प्रयोगशाळेत काम केले आणि मग ते परतले. अमेरिकी सॉफ्टवेअर कंपन्यांची उत्पादने घडवण्याचे काम पर्सिस्टंटने घेतले, आणि डेटाबेससारख्या विषयात खोलवर काम करणारी पिढी पुण्यात तयार झाली. पुढे देशपांडे यांनी स्थानिक लहान उद्योजकांना मार्गदर्शन करण्यासाठी ‘दे आसरा’ ही संस्था काढली. परदेशी ग्राहकाबरोबर काम करताना कमावलेली व्यवस्थापनाची शिस्त किराणा, खानावळ किंवा ब्यूटी पार्लर चालवणाऱ्या व्यावसायिकांपर्यंत नेण्याचा हा प्रयत्न आहे. २००८ मध्ये पुण्यात सुरू झालेली ड्रुवा ही डेटा सुरक्षित राखणारी कंपनी त्यापुढच्या पिढीची. तिचे संस्थापक पूर्वी व्हेरिटास या अमेरिकी सॉफ्टवेअर कंपनीत होते.

आज भारताच्या माहिती तंत्रज्ञान क्षेत्राची वार्षिक निर्यात २०० अब्ज डॉलरच्या पुढे आहे आणि पन्नास लाखांहून अधिक लोक त्यात काम करतात. हिंजवडी, खराडी, मगरपट्टा यांचा आजचा चेहरा याच उद्योगाने घडवला.

नाशिकची द्राक्षे

शेतीतही जन्मतः निर्यातदार संस्था उभ्या राहतात, हे महाराष्ट्राने दाखवले. १९९१ मध्ये द्राक्ष उत्पादकांच्या सहकारी संस्थांनी, राज्य कृषी पणन मंडळाच्या पाठबळाने, ‘महाग्रेप्स’ ही भागीदारी संस्था स्थापन केली. तिचे काम सुरुवातीपासून एकच होते, युरोपला द्राक्षे पाठवणे. एकेकट्या बागायतदाराला शीतगृह, प्री-कूलिंग, रीफर कंटेनर आणि इंग्लंडमधला खरेदीदार हे सगळे परवडणारे नव्हते. एकत्र आल्यावर ते आवाक्यात आले.

युरोपच्या ग्राहकाने बागेतली कामाची रीत बदलली. मण्याचा आकार ठरावीक हवा, म्हणून घडांची विरळणी काळजीपूर्वक करायची. घड डागविरहित हवा, देठ हिरवा हवा, साखर ठरलेल्या प्रमाणात हवी. सर्वांत कडक अट औषधांच्या अवशेषांची. कोणते औषध, किती, कोणत्या तारखेला फवारले याची नोंदवही ठेवावी लागली. काढणीनंतर काही तासांत माल थंड करणे आणि न्हावा-शेवा बंदरापर्यंत त्याच तापमानात नेणे हे ओघाने आले.

२०१० च्या हंगामात या शिस्तीची कठोर परीक्षा झाली. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर काडीत घडनिर्मिती चांगली व्हावी म्हणून वापरल्या जाणाऱ्या क्लोरमेक्वाट क्लोराइड या संजीवकाचे अंश युरोपातल्या प्रयोगशाळांना द्राक्षांत आढळले. बागायतदार ते ‘लिहोसीन’ किंवा ‘सीसीसी’ म्हणून ओळखतात. युरोपने त्यासाठी घातलेली मर्यादा फार कमी होती आणि भारतात त्याची तपासणी होत नव्हती. कंटेनर अडकले, भाव कोसळले आणि अनेक निर्यातदार व शेतकरी कर्जात गेले. मात्र बाग ते बंदर असा माग ठेवणारी, अपेडा या केंद्र सरकारच्या कृषी निर्यात संस्थेची ‘ग्रेपनेट’ व्यवस्था २००६ पासून सुरू होती, आणि पुण्याजवळ मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची प्रयोगशाळा होती. तपासणीच्या यादीत हे संजीवक आले, बागांमधला त्याचा वापर बदलला आणि पुढच्या हंगामांत निर्यात सावरली.

त्याच काळात नाशिक जिल्ह्यात दिंडोरी तालुक्यातील मोहाडी येथे सह्याद्री फार्म्स उभी राहिली. राहुरीच्या कृषी विद्यापीठात शिकलेले विलास शिंदे यांनी काही शेतकऱ्यांना बरोबर घेऊन द्राक्षनिर्यात सुरू केली होती. तिचे रूपांतर शेतकऱ्यांच्या मालकीच्या उत्पादक कंपनीत झाले. निर्यातीतून उभारलेली पॅकिंग, शीतसाखळी आणि तपासणीची यंत्रणा नंतर टोमॅटो, डाळिंब, केळी अशा पिकांना आणि देशातल्या ग्राहकांनाही उपयोगी पडली. २०२२ मध्ये युरोपातल्या विकास वित्तसंस्था आणि गुंतवणूकदारांनी तिच्यात ३१० कोटी रुपये गुंतवले. इथे वाढीचा नेहमीचा क्रम उलटा झाला. आधी युरोपची बाजारपेठ आली, आणि तिथे कमावलेल्या क्षमतेवर घरची.

निर्यातीने उद्योग सुधारतो का?

चांगले उद्योग निर्यात करतात, की निर्यातीमुळे उद्योग चांगले होतात, हा प्रश्न अर्थशास्त्रज्ञांनी बराच काळ चर्चिला आहे. कोलंबिया, मेक्सिको आणि मोरोक्कोच्या आकडेवारीवर १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका महत्त्वाच्या अभ्यासाचा कल पहिल्या बाजूला होता. जे आधीच कार्यक्षम आहेत तेच बाहेर पडतात, असे त्यात दिसले. मात्र अशा आकडेवारीत कारण आणि परिणाम वेगळे काढणे कठीण असते.

डेव्हिड अ‍ॅटकिन, अमित खंडेलवाल आणि अ‍ॅडम ऑस्मान यांनी इजिप्तमधील फुवा या गालिच्यांच्या गावात प्रयोग करून हे वेगळे काढले. हातमागावर गालिचे विणणाऱ्या छोट्या कारखानदारांपैकी काहींना सोडत काढून श्रीमंत देशांतल्या खरेदीदारांच्या ऑर्डर दिल्या गेल्या, इतरांना दिल्या गेल्या नाहीत. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार ऑर्डर मिळालेल्यांचा नफा १६ ते २६ टक्क्यांनी वाढला आणि गालिच्यांची गुणवत्ताही वाढली. पुढे सर्वांना एकसारखे यंत्र, एकसारखी लोकर देऊन एकच गालिचा विणायला सांगितले, तेव्हाही निर्यातीची ऑर्डर मिळालेल्यांचे काम सरस ठरले. खरेदीदार आणि मध्यस्थ यांच्याकडून विणकरांना ज्या बारीक सूचना मिळत होत्या, त्यांतून कसब वाढले होते. मागणीची कसोटी उंच असली की हात सुधारतो, हे त्यातून सिद्ध झाले. नाशिकच्या बागायतदाराचा आणि कालुरघाटच्या कटाई मास्तराचा अनुभवही हेच सांगतो.

मर्यादा आणि किंमत

या उद्योगांच्या योगदानाला मर्यादा आहेत, आणि काही ठिकाणी त्यांची किंमत माणसांनी प्राणांनी मोजली आहे.

पहिली मर्यादा मूल्यवृद्धीची. शंभर डॉलरचे शर्ट बाहेर गेले, पण त्यातले सत्तर-पंचाहत्तर डॉलर कापड, गुंड्या आणि अस्तर आणण्यात गेले, तर देशात उरले पंचवीस-तीस. बांगलादेशात सुरुवातीला हेच होते. पुढे नारायणगंज आणि आसपास होजिअरीचे कापड विणण्याचे, रंगवण्याचे कारखाने निघाले आणि देशात राहणारा हिस्सा वाढला. निर्यातदाराभोवती पुरवठादार तयार होतात की नाही, यावर हा हिस्सा ठरतो.

दुसरी मर्यादा अवलंबनाची. एकाच मालावर निर्यातीचा ८४ टक्के भार असणारा देश परक्या बाजारातल्या प्रत्येक हालचालीने हादरतो. अविकसित देशांना युरोपने २००१ पासून दिलेला शुल्कमुक्त प्रवेश बांगलादेशाला मोठा आधार ठरला. अविकसित देशांच्या यादीतून बाहेर पडण्याबरोबर असे आधार सुटू लागतात. विकास झाल्यावर येणारी ही परीक्षा फक्त स्वस्त मजुरीवर पार करता येत नाही.

तिसरी किंमत सुरक्षिततेची. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळ सावर येथील राणा प्लाझा ही इमारत कोसळली आणि अकराशेहून अधिक माणसे मेली. बहुतेक जण कपड्यांचे कामगार होते. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते, तरीही त्यांना कामावर बोलावले गेले. खरेदीदाराने शर्टाच्या शिवणीचा दर्जा तपासला होता. इमारतीचा दर्जा कोणी तपासत नव्हते. त्यानंतर जागतिक ब्रँड आणि कामगार संघटना यांच्यात कायदेशीर बंधन असलेला करार झाला आणि शेकडो कारखान्यांची आग, वीज आणि बांधकाम यांबाबत तपासणी झाली. दर्जाची मागणी बाहेरून येते तेव्हा तिच्यात काय धरले जाते आणि काय वगळले जाते, हे देशाच्या कायद्याने आणि कामगारांच्या संघटनेने ठरवावे लागते. ते बाजारावर सोडता येत नाही.

चौथा प्रश्न मालकीचा. जगभर विकणाऱ्या अनेक तरुण कंपन्या भांडवलाच्या सोयीसाठी परदेशात नोंदणी करतात. २०१० मध्ये चेन्नईत सुरू झालेली फ्रेशवर्क्स २०२१ मध्ये नॅसडॅकवर आली ती अमेरिकी कंपनी म्हणून. पुण्यात जन्मलेल्या ड्रुवाचे मुख्यालयही कॅलिफोर्नियात गेले. कर आणि मालकीचा काही लाभ त्यामुळे बाहेर जातो. तरीही बहुतेक अभियंते भारतात काम करतात, आणि फ्रेशवर्क्सच्या शेअरविक्रीच्या वेळी शेकडो कर्मचारी कोट्यधीश झाल्याचे संस्थापकांनी सांगितले होते. त्यातला पैसा आणि अनुभव पुढच्या कंपन्यांत किती जातो, यावर देशाचा खरा लाभ मोजावा लागेल.

देशाने काय करावे

तिन्ही उदाहरणांत सरकार हजर होते. ठरावीक कंपनीला विजयी करण्यापेक्षा त्याने सर्वांना वापरता येईल अशी सोय उभी केली, तिथे फळ मोठे आले. चट्टग्रामला ती पतपत्राची आणि गोदामाची पद्धत होती, पुण्याला उपग्रहाची जोडणी, नाशिकला अवशेष तपासणारी प्रयोगशाळा. या सोयी पहिल्या निर्यातदाराच्या गरजेतून सुचल्या आणि शंभराव्यालाही तितक्याच मिळाल्या. सवलती एखाद्या कंपनीच्या नावावर अडकल्या असत्या, तर बुसानहून आलेल्या ११५ माणसांना बाहेर पडून करण्यासारखे काहीच उरले नसते.

दुसरी गरज परतण्याच्या वाटेची. नूरुल कादर यांनी माणसे बाहेर पाठवून शिकवून आणली. आनंद देशपांडे स्वतः शिकून परतले. परदेशी जाणारा प्रत्येक विद्यार्थी आणि कामगार हा गमावलेला नागरिक धरला, तर हा लाभ हातचा जातो. परतणाऱ्याला उद्योग काढणे सोपे करणारा देश त्याच माणसाकडून कितीतरी अधिक मिळवतो.

तिसरी गरज मोजमाप बदलण्याची. निर्यातदाराला पुरस्कार दिला जातो तो डॉलरच्या आकड्यावर. त्याच्या जोडीला आणखी गोष्टी मोजायला हव्यात: निर्यातीतले किती मूल्य देशात तयार झाले, किती स्थानिक पुरवठादार उभे राहिले, तिथे शिकलेल्या किती माणसांनी पुढे स्वतःचे उद्योग काढले, आणि कामगार किती सुरक्षित राहिले. पहिल्या वर्षी ५५ हजार डॉलर मिळवणारा कालुरघाटचा कारखाना आकड्यांच्या यादीत तळाशी राहिला असता. या मोजमापात तो बांगलादेशाच्या इतिहासातल्या सर्वांत फलदायी उद्योगांपैकी एक ठरतो.